एसीसी बास्केटबॉल: हंगामाआधीच्या खेळाडू-चर्चेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर लागला की अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलबद्दल मला तेच तेच प्रश्न यायला लागतात. काही इथल्याच, नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी-मॉरिसव्हिलच्या मंडळींकडून, काही मुलांना नुकतंच ड्यूकला किंवा एनसी स्टेटला सोडून आलेल्या आईवडिलांकडून, तर काही पुण्या-नागपुरात पहाटे उठून सामने बघणाऱ्यांकडून. दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. एक आधीच सांगतो, हा सगळा 'बाजारात तुरी' प्रकार आहे. पण तुरी निवडायलाही मजा येते.

१. एसीसी म्हणजे नक्की काय? ही लीग आहे का?

अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स. कॉलेजांचा गट म्हणा. १९५३ साली सात कॉलेजं सदर्न कॉन्फरन्समधून बाहेर पडली आणि त्यांनी हा गट काढला. ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना (यापुढे यूएनसी), एनसी स्टेट आणि वेक फॉरेस्ट ही त्यातलीच. ही चारही एकाच राज्यातली, त्यामुळे इथे ऑफिसात, सलूनमध्ये, मुलांच्या वाढदिवसाला, कुठेही हा विषय निघतो. ड्यूक आणि यूएनसी यांच्यात तर जेमतेम दहा मैलांचं अंतर आहे.

आता गटात १८ कॉलेजं आहेत. २०२४ मध्ये स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया आणि एसएमयू आत आली, म्हणजे पॅसिफिकच्या काठावरची दोन कॉलेजं 'अटलांटिक कोस्ट'मध्ये! गटातले सामने संपले की मार्चमध्ये गटाची स्पर्धा होते आणि त्यानंतर देशभरातल्या ६८ संघांची एनसीएए (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) स्पर्धा.

२. सामने नोव्हेंबरात सुरू होतात, मग वर्षभर बोलता कशाबद्दल?

हंगाम पाच महिन्यांचा, चर्चा सात महिन्यांची. एप्रिलमध्ये अंतिम सामना होतो आणि त्याच्या आसपास खेळाडू कॉलेजं बदलायला लागतात. मे अखेरीस 'एनबीएला (व्यावसायिक लीगला) जातो की परत येतो' याची मुदत संपते. जूनमध्ये ड्राफ्ट (एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात तो), उन्हाळ्यात सराव, ऑक्टोबरमध्ये शार्लटला पत्रकारांचा मेळावा आणि मतदान, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिला चेंडू उडतो.

३. भारतातून सामने किती वाजता दिसतात?

नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथली घड्याळं मागे जातात, तेव्हापासून मार्चपर्यंत भारत आमच्या साडेदहा तास पुढे असतो. इथला शनिवार संध्याकाळी साडेसहाचा सामना म्हणजे तिकडे रविवारी पहाटे पाच. रात्री नऊचा असेल तर सकाळी साडेसात, चहाच्या वेळेला. मार्चमध्ये घड्याळं पुन्हा पुढे गेली की एक तास वजा करा.

४. प्रीसीझन (हंगामाआधीचा) पोल कोण काढतं?

एकच पोल असतो असं धरून लोक भांडतात, पण ते निरनिराळे आहेत. गटाचं वार्तांकन करणारे पत्रकार ऑक्टोबरमध्ये मत देतात. त्यातून १८ संघांचा क्रम, संभाव्य सर्वोत्तम खेळाडू, संभाव्य सर्वोत्तम नवखा आणि एक निवडक संघ निघतो. असोसिएटेड प्रेसचा पहिल्या २५ संघांचा पोल देशभरच्या पत्रकारांचा असतो, त्याचा एसीसीशी थेट संबंध नाही. आकडेमोड करून काढलेली क्रमवारी हा तिसरा प्रकार (प्रश्न १६).

५. 'प्रीसीझन प्लेअर ऑफ द इयर' ठरलेला खेळाडू शेवटी खरंच प्लेअर ऑफ द इयर होतो का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून नऊ हंगामांची यादीच देतो. डावीकडे ऑक्टोबरमधलं नाव, उजवीकडे मार्चमधलं.

२०१६-१७: ग्रेसन ॲलन (ड्यूक) – जस्टिन जॅक्सन (यूएनसी)
२०१७-१८: बॉन्झी कोल्सन (नोत्र दाम) – मार्विन बॅगली (ड्यूक)
२०१८-१९: ल्यूक मे (यूएनसी) – झायन विल्यमसन (ड्यूक)
२०१९-२०: जॉर्डन न्वोरा (लुईव्हिल) – ट्रे जोन्स (ड्यूक)
२०२०-२१: गॅरिसन ब्रूक्स (यूएनसी) – मोझेस राइट (जॉर्जिया टेक)
२०२१-२२: पाओलो बँकेरो (ड्यूक) – अलाँडेस विल्यम्स (वेक फॉरेस्ट)
२०२२-२३: अर्मांडो बेकॉट (यूएनसी) – आयझाया वाँग (मायामी)
२०२३-२४: काइल फिलिपॉस्की (ड्यूक) – आरजे डेव्हिस (यूएनसी)
२०२४-२५: आरजे डेव्हिस (यूएनसी) – कूपर फ्लॅग (ड्यूक)

नऊपैकी शून्य. तरी एक गंमत बघा. ऑक्टोबरची सात नावं ड्यूक-यूएनसीची आणि मार्चचीही सहा नावं त्याच दोन कॉलेजांची. वाडा बरोबर ओळखला, खोली चुकली. पत्रकार मोठ्या कॉलेजांचं उगाच कौतुक करतात ही तक्रार त्यामुळे अर्धीच खरी आहे.

६. इतके जाणकार एकजात चुकतात कसे?

मत देणारा माणूस पुढच्या वर्षाचा अंदाज करायला बसतो आणि गेल्या वर्षाला बक्षीस देऊन उठतो. बहुतेक वेळा परत आलेल्यांमध्ये ज्याचे गुण सर्वात जास्त, त्याच्या नावावर शिक्का. डेव्हिसने २०२३-२४ मध्ये सामन्याला सरासरी २१.२ गुण केले होते, तेव्हा पुढच्या ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायला धीरच हवा होता. त्या हंगामात तो सतराच्या आसपास आला. वाईट खेळला का? नाही. आजूबाजूची माणसं बदलली होती.

त्याहून बोलकं उदाहरण गॅरिसन ब्रूक्सचं. २०१९-२० चा यूएनसी संघ फार वाईट होता, १४ विजय आणि १९ पराभव. त्या संघात ब्रूक्सने सोळाहून जास्त सरासरी काढली. पण संघ कितीही पडका असला तरी गुण कुणीतरी करणारच की. पुढच्या वर्षी बेकॉट मोठा झाला, डेरॉन शार्प आणि वॉकर केसलर हे दोन नवे उंच खेळाडू आले, आणि ब्रूक्ससाठी बास्केटखालची जागाच उरली नाही. सरासरी दहाच्या घरात आली. खेळाडू तोच होता. फक्त त्याच्या वाट्याचे चेंडू दुसऱ्यांकडे गेले.

म्हणून मी ऑक्टोबरमध्ये नावांपेक्षा मिनिटं मोजतो. सामना ४० मिनिटांचा, मैदानात पाच जण, म्हणजे वाटायला २०० मिनिटं. गेल्या वर्षीची किती मिनिटं संघाबाहेर गेली आणि ती आता कुणाला मिळणार, एवढं कागदावर मांडलं तरी निम्मी बडबड आपोआप गळते.

७. फ्रेशमनबद्दलच्या हवेवर किती विश्वास ठेवायचा?

फ्रेशमन म्हणजे शाळेतून थेट आलेला पहिल्या वर्षाचा खेळाडू. २००६ च्या ड्राफ्टपासून एनबीएत जायला किमान १९ वर्षं वय लागतं आणि अमेरिकी मुलांना शाळा संपल्यावर एक वर्ष थांबावं लागतं. त्यामुळे देशातली सर्वोत्तम पोरं एका हिवाळ्यापुरती कॉलेजात येतात आणि जातात. त्यांच्याबद्दल हाताशी असतात ते शाळेतले व्हिडिओ, आणि शाळेतल्या सामन्यात समोरचा बचाव करणारा मुलगा पुढे दंतवैद्य होणार असतो.

वरच्या यादीत उजवीकडे बॅगली, विल्यमसन आणि फ्लॅग हे तिघे फ्रेशमन आहेत. म्हणजे हवा खोटी असते असं नाही. चुकतं ते कुणाची हवा, हे. २०१८ मध्ये ड्यूककडे आरजे बॅरेट आणि झायन विल्यमसन दोघंही आले. पत्रकारांनी संभाव्य सर्वोत्तम नवखा म्हणून बॅरेटचं नाव दिलं. झायन म्हणजे दणादण डंक (उंच उडी घेऊन चेंडू थेट रिंगमध्ये कोंबणं) मारणारा, व्हिडिओत छान दिसणारा धिप्पाड पोरगा, असा समज होता. मार्चमध्ये सर्वोत्तम नवखा आणि सर्वोत्तम खेळाडू, दोन्ही मान त्याच पोराने नेले. जूनमध्ये एनबीए ड्राफ्टमध्ये तो पहिला गेला, बॅरेट तिसरा.

आणि ज्याला ऑक्टोबरमध्ये सर्वोत्तम ठरवलं होतं त्या ल्यूक मेचं काय? २० फेब्रुवारी २०१९ ला ड्यूकच्या कॅमेरून स्टेडियममध्ये सामन्याच्या ३६ व्या सेकंदाला झायनचा बूट फाटला, गुडघा दुखावला, तो आत गेला. त्या रात्री मेने ३० गुण आणि १५ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर चेंडू पकडणं) काढले आणि यूएनसी ८८-७२ ने जिंकलं. सगळ्यांना आठवतो तो बूट.

८. कूपर फ्लॅग सतराव्या वर्षी कॉलेजात कसा खेळला? वयाचा नियम नाही का?

प्रश्न ७ मधली वयाची अट एनबीएची आहे, कॉलेजची नव्हे. फ्लॅगचा जन्म २१ डिसेंबर २००६ चा, मेन राज्यातल्या न्यूपोर्टचा. शाळेचा अभ्यास एक वर्ष आधी संपवून तो २०२५ ऐवजी २०२४ च्या तुकडीतून आला. याला 'रीक्लासिफाय' म्हणतात आणि त्यात नियमबाह्य काही नाही.

त्याची चर्चा पेटली ती २०२४ च्या जुलैत, लास व्हेगासला ऑलिंपिकच्या अमेरिकी संघाविरुद्धच्या सरावात तो अजिबात बुजला नाही तेव्हा. नोव्हेंबरमध्ये केंटकीविरुद्ध २६ गुण केले, पण शेवटच्या क्षणांत चेंडू गमावला आणि ड्यूक हरलं. लगेच 'बघा, उगाच डोक्यावर घेतला' सुरू झालं. जानेवारीत नोत्र दामविरुद्ध ४२ गुण, एसीसीतल्या फ्रेशमनचा विक्रम. मग ते आवाज बंद झाले.

९. ट्रान्सफर पोर्टल म्हणजे काय? आयपीएलच्या लिलावासारखं?

लिलावात संघ खेळाडूला उचलतात, इथे खेळाडू स्वतः बाजारात उभा राहतो आणि मग कॉलेजं दारात येतात. २०१८ मध्ये ही नोंदवही सुरू झाली. पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१ मध्ये एकदा बदलायला माफी मिळाली, आणि डिसेंबर २०२३ च्या न्यायालयीन आदेशानंतर, २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा बदला.

दरम्यानच्या काळात दुसऱ्यांदा बदलणाऱ्यांना एनसीएएची खास परवानगी लागायची आणि तिथे अंदाजांची वाट लागायची. वेक फॉरेस्टचा उंचापुरा एफ्टन रीड २०२३ च्या हंगामात सुरुवातीचे सामने अंगात ट्रॅकसूट घालून बाकावर बसून होता. परवानगी डिसेंबरमध्ये आली.

१०. दुसरीकडे बाकावर बसणारा इथे येऊन स्टार कसा होतो?

मिनिटं (प्रश्न ६). वेक फॉरेस्टचाच हंटर सॅलिस घ्या. गोन्झागा कॉलेजात सामन्याला चार-पाच गुण करायचा, कारण तिथे त्याच्यापुढे रांग होती. २०२३-२४ मध्ये वेक फॉरेस्टला आला आणि सरासरी १८ वर गेली. याउलट छोट्या कॉलेजात वीस-वीस गुण काढणारा एसीसीत येऊन आठवर थांबतो, हेही दर वर्षी घडतं. माझा ढोबळ नियम असा: मोठ्या संघाच्या बाकावरून आलेल्याला ऑक्टोबरमध्ये लोक कमी लेखतात आणि छोट्या संघाच्या राजाला जास्त.

११. पोर्टल बंद झालं असं वाचलं, तरी नवे खेळाडू येतातच आहेत. हे कसं?

मुदत असते ती नाव नोंदवायची. कुठे जायचं हे ठरवायला नव्हे. २०२५ मध्ये २४ मार्च ते २२ एप्रिल अशी नोंदणी होती. त्यात नाव घातलेला खेळाडू जूनमध्येही कॉलेज निवडू शकत होता. तारखा दर वर्षी बदलतात, तेवढ्या ताज्या बघून घ्या.

१२. 'कमिट झाला' म्हणजे पक्कं ना?

नाही. साखरपुडा समजा. २०२३ मध्ये यूएनसीचा केलेब लव्ह मिशिगनला 'कमिट' झाला, सगळ्यांनी मिशिगनचा संघ मांडूनही टाकला. तिथे प्रवेशाचं गणित जमलं नाही आणि तो गेला ॲरिझोनाला, जिथे पुढच्याच वर्षी पॅक-१२ गटाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सही झाली, प्रवेश झाला, मुलगा उन्हाळ्याच्या वर्गात बसला, मगच माझ्या कागदावर पेनाने नाव. तोपर्यंत पेन्सिल.

१३. जुने खेळाडू परत आलेला संघ बरा की पूर्ण नवा संघ?

याचं सरळ उत्तर मिळालं असतं तर ही चर्चाच उरली नसती.

जुन्यांची गोष्ट आधी. यूएनसी २०२२ च्या अंतिम सामन्यात कॅन्ससकडून ६९-७२ हरलं. सुरुवातीच्या पाचांपैकी चार जण परत आले: बेकॉट, लव्ह, डेव्हिस आणि लीकी ब्लॅक. असोसिएटेड प्रेसच्या पोलमध्ये पहिला क्रमांक. हंगाम संपला २०-१३ (२० विजय, १३ पराभव) वर, आणि एनसीएए स्पर्धेत जागाच मिळाली नाही. १९८५ मध्ये स्पर्धा ६४ संघांची झाली, तेव्हापासून हंगामाआधी पहिला असलेला संघ बाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ. गेलेला पाचवा कोण होता? ब्रेडी मॅनेक. उंच असून दुरून तीन गुणांचे फटके मारणारा. त्याच्यामुळे बचाव पसरायचा आणि बेकॉटला आत मोकळी जागा मिळायची. 'पाचातले चार परत' या आकड्यात हे कुठेच दिसत नाही. रविवारच्या आमटीत सगळं तेच घातलं, फक्त चिंच राहिली, तसं.

आता नव्यांची. लुईव्हिल २०२३-२४ मध्ये ८-२४. पॅट केल्सी नवे प्रशिक्षक आले आणि त्यांनी जवळपास अख्खा संघ पोर्टलमधून उभा केला: विस्कॉन्सिनचा चकी हेपबर्न, जेम्स मॅडिसनचा टेरेन्स एडवर्ड्स, चार्ल्सटनचा ऑस्ट्रेलियन रेन स्मिथ. पत्रकारांनी मधल्या फळीत टाकलं. गटात १८-२, एकूण २७-८. पण नोव्हेंबरमध्येच त्यांचा केसीन प्रायर गुडघ्याच्या दुखापतीने वर्षभरासाठी गेला होता, हे लक्षात घ्या.

त्याच वर्षी मायामीनेही नवी माणसं भरली होती आणि त्यांना पोलमध्ये लुईव्हिलच्या वर ठेवलं होतं. ते ७-२४ वर संपले. दोन वर्षांपूर्वी संघाला अंतिम चौघांत नेणारे जिम लॅरन्यागा डिसेंबरमध्येच पद सोडून गेले.

१४. प्रशिक्षक मेळाव्यात इतकं कौतुक करतात, ते खरं मानायचं का?

ऑक्टोबरमध्ये प्रत्येक मुलगा 'आयुष्यातल्या सर्वोत्तम तब्येतीत' असतो. काही वाक्यांचे अर्थ इतक्या वर्षांत पाठ झालेत.

'त्याने सात किलो स्नायू कमावले' – गेल्या वर्षी धक्का लागला की पडायचा. 'आमच्याकडे दहा जण सुरुवात करू शकतात' – पाच अजून ठरलेले नाहीत. 'तो ड्रेसिंग रूममधला आवाज आहे' – मैदानात फार दिसणार नाही. 'त्याचा फटका सुधारलाय' हे वाक्य मी सरळ सोडून देतो. रिकाम्या जिममध्ये सगळ्यांचेच फटके आत जातात.

ऐकायचं असेल तर तक्रार ऐका. 'बचावात त्याच्यावर अजून काम चाललंय' असं प्रशिक्षक उघड बोलले तर ते काम बरंच बाकी असतं. दुखापतीबद्दलही तसंच: 'रोज बघतोय, कसं वाटतंय त्यावर ठरवू' असं आलं की पहिल्या महिन्याची आशा सोडा.

१५. 'सीक्रेट स्क्रिमेज'चा निकाल फुटला असं कळलं. किती मनावर घ्यायचं?

दोन कॉलेजं बंद दाराआड सराव सामना खेळतात. प्रेक्षक नाहीत, पत्रकार नाहीत, आणि तरी संध्याकाळपर्यंत आकडे बाहेर येतात, कारण कुणाचा तरी काका आत असतो. पण तो सामना असतोच असं नाही. कधी वीस मिनिटांचे दोन तुकडे, कधी मुद्दाम शेवटच्या दोन मिनिटांचे प्रसंग पुन्हा पुन्हा, कधी एका सत्रात फक्त बदली खेळाडू. '२० गुणांनी हरले' याचा अर्थ त्याशिवाय लागत नाही. आकड्यांत मी एकच गोष्ट बघतो, कोण खेळलंच नाही.

जाहीर सराव बघायची संधी मिळाली तर जरूर जा. कॅमेरूनमध्ये साडेनऊ हजारांच्या आत माणसं मावतात, छत जवळ, बाकं लाकडी, आणि निळे रंगलेले विद्यार्थी पहिल्या मिनिटापासून उड्या मारत असतात. अशाच एका ऑक्टोबरच्या संध्याकाळी मी वर कोपऱ्यात बसलो होतो. खाली एक नवा पोरगा डंकमागून डंक मारत होता आणि सगळे फोन त्याच्याकडे वळलेले. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र कोपराने ढोसलं आणि दुसरीकडे बोट दाखवलं. चौथ्या वर्षाचा एक गार्ड (खेळ रचणारा खेळाडू) त्याच नव्या पोराला दंडाला धरून दोन पावलं डावीकडे सरकवत होता. प्रत्येक वेळी. 'याला बाहेर काढता येणार नाही,' ते म्हणाले. त्या वर्षी तो गार्ड वर्तमानपत्रात कुठेच नव्हता, पण सामने घट्ट झाले की शेवटची पाच मिनिटं तो मैदानात असायचा.

१६. केनपॉम आणि टॉर्विकची आकडेमोड पत्रकारांपेक्षा बरी का?

संघांसाठी, सहसा हो. केन पोमेरॉय आणि बार्ट टॉर्विक दोघेही संघाची गेल्या काही वर्षांची पातळी, कोण परत आलं आणि कोण नवं आलं हे मांडून शंभर वेळा चेंडू ताब्यात आल्यावर किती गुण करतील आणि समोरच्याला तेवढ्याच वेळांत किती देतील याचा अंदाज काढतात. संगणकाला ड्यूक-यूएनसीचा निळा रंग आवडत नाही, हा त्याचा फायदा. पण परदेशातून आलेला खेळाडू किंवा दुखापतीतून परतणारा खेळाडू आला की त्याच्याकडेही ठोकताळेच. हंगाम पुढे सरकतो तसा या सुरुवातीच्या अंदाजाचा हिशोबातला वाटा कमी होत जातो.

१७. प्रीसीझनला वरचा क्रमांक मिळाला तर मार्चमध्ये निवड समितीकडे फायदा होतो का?

समिती जे 'नेट' रँकिंग वापरते (२०१८-१९ पासून) त्यात प्रत्यक्ष सामन्यांचेच निकाल मोजले जातात, ऑक्टोबरच्या मतांचा अंशही नाही. प्रश्न १३ मधलं यूएनसी हा त्याचा पुरावाच. २०१७-१८ च्या व्हर्जिनियाला एसीसीत सहावं धरलं होतं. गटात १७-१ करून ते देशात पहिले ठरले. (आणि मग १६ व्या मानांकनाच्या यूएमबीसीकडून ७४-५४ हरले, पण ते मार्चचं दुःख, ऑक्टोबरचं नव्हे.)

१८. खेळाडूंना आता पैसे मिळतात म्हणे. अंदाजावर त्याचा काय परिणाम?

१ जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करता येते. १ जुलै २०२५ पासून कॉलेजंही थेट पैसे देऊ शकतात; पहिल्या वर्षाची मर्यादा सगळे खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. परिणाम दोन दिसतात. एनबीएत दुसऱ्या फेरीत जाणारा मुलगा आता कॉलेजात परततो. आणि युरोपात व्यावसायिक खेळलेली पोरं इकडे येतात, ज्यांच्याबद्दल इथल्या बहुतेकांना काहीच ठाऊक नसतं, तरी मतं ठाम असतात.

१९. एकच खेळाडू सहा वर्षं कॉलेजात कसा?

साधा हिशोब पाच वर्षांत चार हंगाम असा होता. २०२०-२१ चा कोविड हंगाम कुणाच्याच खात्यात धरला नाही, म्हणून बेकॉट आणि डेव्हिससारखे पाच-पाच हंगाम खेळले. त्यात दुखापतीचं एखादं वर्ष माफ झालं की सहावं. कोविडच्या सवलतीची ती पिढी आता संपली, पण पात्रतेच्या नियमांवर कोर्टात खटले चालूच आहेत. त्यामुळे एखाद्याचं नाव संघात दिसलं तरी 'खेळायला मोकळा' असं कॉलेजने जाहीर केलंय का, ते बघा.

२०. ऑक्टोबरमध्ये प्रशिक्षकच सोडून गेले तर सगळे अंदाज रद्द?

हे घडलंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये हंगामाला जेमतेम तीन आठवडे असताना व्हर्जिनियाचे टोनी बेनेट निवृत्त झाले. मेळावा झाला होता, मतदान झालं होतं. प्रशिक्षक गेले की खेळाडूंना पोर्टलचं दार पुन्हा उघडतं (तेव्हाच्या नियमाने ३० दिवस), म्हणजे प्रश्न ११ मधल्या मुदतीला हा अपवाद. पण कॉलेजचं सत्र चालू असताना जाणार कुठे? बहुतेक थांबले. संघ कागदावर तोच राहिला आणि हंगाम विस्कटला.

२१. महिलांच्या गटातही अंदाज असेच चुकतात का?

नाही! व्हर्जिनिया टेकची एलिझाबेथ किटली २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं एसीसीची सर्वोत्तम खेळाडू होती. २०२४-२५ मध्ये नोत्र दामच्या हॅना हिदाल्गोचं नाव ऑक्टोबरमध्ये आलं आणि मार्चमध्येही तिचंच. कारण सरळ आहे. महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये अमेरिकी मुलींना साधारण बाविसाव्या वर्षाआधी किंवा चार वर्षांच्या आत जाता येत नाही. त्यामुळे एकच खेळाडू तीन-चार वर्षं डोळ्यांसमोर असते आणि अंदाजाला आधार असतो. पोर्टल मात्र इथेही आहे: हिदाल्गोच्या संघातली जोडीदार ऑलिव्हिया माइल्स २०२५ मध्ये ड्राफ्टला जाईल असं सगळे धरून चालले होते, ती टीसीयू या दुसऱ्या कॉलेजला गेली.

२२. तुमच्या उत्तरांवरून पैज लावू का?

नको. प्रश्न ५ परत वाचा.

२३. तुमचे स्वतःचे अंदाज किती बरोबर येतात?

माझ्याकडे एक शंभर पानी वही आहे. दर ऑक्टोबरमध्ये डाव्या पानावर लिहायचं, एप्रिलमध्ये उजव्या. २०१८ च्या पानावर बॅरेट. २०२२ च्या पानावर 'यूएनसी, डोळे मिटून' असं लिहिलंय, शाईने, खाली रेघ मारून. २०२४ ला मी डेव्हिस लिहिला, बाकीच्यांसारखाच.

२०२३ चं पान सगळ्यात लाजिरवाणं. १५ संघांचा क्रम लावला होता. एनसी स्टेटपुढे एक ओळ, 'काही खास नाही'. मार्चच्या सुरुवातीला १७-१४ असताना ती ओळ मी मुलीला दाखवलीही. ती तिथेच शिकत होती. मग गटाच्या स्पर्धेत दहाव्या मानांकनावरून पाच दिवसांत पाच सामने जिंकून त्यांनी यूएनसीला ८४-७६ हरवलं आणि १९८७ नंतर पहिल्यांदा चषक नेला. दोन आठवड्यांनी ड्यूकला हरवून अंतिम चौघांत. त्या सामन्यात डीजे बर्न्सने २९ गुण केले. सव्वाशे किलोचा डावखुरा माणूस, समोरच्याला पाठीने हळूहळू मागे रेटत न्यायचा आणि हसत हसत चेंडू आत टाकायचा.

माझ्या त्या पानावर त्याचं नाव कुठेच नव्हतं. मुलीने मागाहून ते समासात लिहून ठेवलंय, लाल पेनाने, तीन वेळा.